देवाच्या वांग्याला सुरी

सकाळी अंगावर घोंगडं ओढून नीलकंठ बांधावर यायचा आणि आधी भावाच्या मळ्याकडे बघायचा. स्वतःच्या मळ्याकडे नजर जायची ती मागाहून, आणि तिथे ती फार वेळ टिकायची नाही. बिंदूच्या झाडांना नवी फुलं आली का, पानं किती पसरली, कालच्यापेक्षा आज काय वाढलं, हे सगळं डोळ्यांत भरून घेऊन तो घरी परतायचा. चहाचा पेला हातात घेऊन बायकोला म्हणायचा, "काही विशेष नाही बिंदूचं. नुसता पाला माजलाय."

"आणि आपलं?" सीता विचारायची.

"आपलं चांगलंच आहे."

नवऱ्याचं 'चांगलंच आहे' कसं असतं हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

रामनगरच्या अलीकडे, गंगेचा पूर जिथवर येऊन थांबतो त्याच्या वरच्या उंचवट्यावर ह्या दोघा भावांची जमीन होती. कुणा पणजोबाला यजमानानं दान दिलेली. पूर्वी ती दुसरे कसायचे आणि घरातले पुरुष पलीकडच्या काशीत घाटावर पूजा सांगायचे. जमीनदारी मोडली आणि स्वतः कसली नाही तर जमीन जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा त्यांच्या वडिलांनी, ढुंढिराजांनी, पोथी फडताळात ठेवली आणि कुदळ उचलली. शेजारच्या कोइरी शेतकऱ्यांजवळ बसून बसून ते वांगी लावायला शिकले. रामनगरचं वांगं म्हणजे भलं थोरलं, गोल, फिकट रंगाचं. एक भाजलं तर घर जेवून उठावं असं. तिकडे त्याला भंटा म्हणतात.

काशीतल्या मराठी घरांतून चातुर्मासात वांगं शिजत नाही. ते सुटतं मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत श्रीरामकाकांकडे खंडोबाचे टाक होते. त्या दिवशी आसपासची सगळी मराठी मंडळी तिथे जमायची, आणि नैवेद्याच्या भरिताला वांगी जायची ती ढुंढिराजांच्या मळ्यातली. टोपली डोक्यावर घेऊन ते घाटाच्या पायऱ्या चढायचे, तेव्हा वर उभे असलेले लोक "आली, वांगी आली" म्हणत बाजूला व्हायचे. घराण्याला उरलेला मान तेवढा एकच होता.

ढुंढिराज गेले. मळ्याच्या मधोमध बांध पडला. मान थोरल्याकडे आला, म्हणजे नीलकंठाकडे. माती एक, विहीर एक, बैल दोघांत मिळून, बीदेखील वडिलांनी राखून ठेवलेलं एकच. तरी बांधाच्या त्या अंगाला झाडं कमरेएवढी आणि ह्या अंगाला गुडघ्याएवढी. दोष द्यायला काही सापडत नव्हतं, म्हणून नीलकंठाच्या पोटात जास्तच दुखायचं.

बरं, बिंदुमाधव मुकाट राबणारा असता तरी चाललं असतं. तो झाडांशी बोलायचा, मोट हाकताना गायचा, आणि एखादं वांगं जरा मोठं झालं की येणाऱ्याजाणाऱ्याला बोट धरून दाखवायचा. "बघा, बघा! हे बाबांच्या वेळचं वाटतं का नाही?" नीलकंठ बांधापलीकडून ऐकायचा आणि कुदळ उगीचच दगडावर आपटायचा.

गेल्या चंपाषष्ठीला श्रीरामकाकांनी नीलकंठाच्या टोपलीतलं एक वांगं तळहातावर तोललं होतं. "जरा बारीक वाटतात रे. ढुंढिराजाच्या वेळची बात नाही," ते म्हणाले होते. "पुढच्या वर्षी बघू."

ते 'बघू' नीलकंठाच्या घशात अडकून बसलं होतं. थोरल्याच्या हातची टोपली धाकट्याच्या डोक्यावर गेली, तर त्या पायऱ्या पुन्हा कुठल्या तोंडानं चढायच्या?

"यंदा दाखवतोच," तो सीतेला म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

श्रावणात रोपं लावली. पाऊस धरून होता, माती पायाला गोळ्यागोळ्यानं चिकटत होती. पहिले काही दिवस नीलकंठ खरंच वाकला. रात्री सीतेनं कमरेला तेल चोळलं तेव्हा तो कण्हत का होईना, पण समाधानानं कण्हला. मात्र बांधालगतच्या ओळी लावून होईपर्यंतच हा जोर टिकला. मधल्या ओळींना त्यानं शेणखत विस्कटून टाकलं, आणि मागच्या, बाभळीकडच्या ओळींना उरलंसुरलं. तिकडे कोण बघायला जातंय? बिंदू बघायचा तो बांधावरून, रस्त्यानं जाणारे बघायचे ते बांधाच्या कडेनं. पुढची झाडं झकास दिसली म्हणजे झालं.

निंदणीही अशीच झाली. बांधालगत हात फिरायचा, मागे गेल्यावर सुस्तावायचा. नीलकंठाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. रोज मळ्यात जात होता, रोज घाम गाळत होता. पाट्या टाकणाऱ्यालाही घाम येतोच.

भाद्रपद सरता सरता झाडांचे कोवळे शेंडे माना टाकायला लागले. हे दरसालचं दुखणं. शेंड्यात अळी शिरते, शेंडा आतून पोखरते, तो सुकून लोंबतो. तो खुडायचा, जमा करायचा आणि जाळायचा. ढुंढिराज सकाळची संध्या उरकली की टोपली घेऊन हेच करायचे आणि दोन्ही मुलांना मागे फिरवायचे.

नीलकंठानं बांधालगतचे शेंडे खुडले. जाळायला बसायचं कोण? दोन्ही मुठी भरल्या की तो इकडेतिकडे बघायचा आणि सगळं बांधापलीकडे बिंदूच्या हद्दीत भिरकावून द्यायचा. आपल्या अळ्या त्याच्याकडे गेल्या तर जाऊ देत. त्यालाही जरा कळू दे. हे करताना त्याला इतकं बरं वाटायचं की दिवसाचं काम झाल्यासारखं होऊन तो विहिरीवर हात धुवायला जायचा. मधल्या ओळींतले शेंडे खुडले तर तिथेच झाडाखाली पडायचे. बाभळीकडे तो फिरकलाच नाही.

एका सकाळी बिंदू बांधावर येऊन उभा राहिला. हातात टोपली, डोक्याला मुंडासं.

"दादा, तुझ्या मागच्या लाइनी बघितल्यास का रे? इथून दिसतायत, सगळे शेंडे लटकलेत."

"बघितल्यात."

"नाही म्हटलं, जल्दी तोडून टाक. मी येऊ का मदतीला? माझं झालंय सगळं."

'माझं झालंय सगळं' एवढंच नीलकंठाच्या कानात शिरलं.

"तुझं झालं असेल तर घरी जाऊन झोप," तो म्हणाला. "मला शेती शिकवायला बाबा होते."

बिंदूचं तोंड उतरलं. खाली वाकून त्यानं आपल्या हद्दीत पडलेले शेंडे टोपलीत गोळा केले आणि निघून गेला. ते शेंडे आले कुठून हे त्यानं विचारलं नाही. न विचारण्यातही ह्याचा तोराच आहे, असं नीलकंठाला वाटलं.

आश्विन-कार्तिकात वांगी धरली. घरात खायची नव्हती, पण बाजाराला काय अडचण? नीलकंठ पाट्या भरून रामनगरच्या बाजारात न्यायचा. तिथला व्यापारी वांगं कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारायचा आणि नाक मुरडायचा.

"पंडितजी, एहमें त कीड़ा बा."

"कहाँ बा? देखाओ! एक छेद दिखा दो."

छिद्र दिसत नव्हतंच. अळी देठाच्या टोपीखालून शिरते आणि वांगं वाढलं की शिरल्याची जागा बुजून जाते. व्यापारी भाव पाडायला बघतोय, एवढंच नीलकंठ समजला. वांगं तिथल्या तिथे चिरून दाखवावं हे त्याला सुचलं नाही. चातुर्मासात ह्या घरातल्या माणसानं वांग्याला सुरी लावायची नाही, ही गोष्ट लहानपणापासून हाडात मुरलेली. चिरायचं नाही, चाखायचं नाही, देवाला दाखवल्याशिवाय पोटात काय आहे ते बघायचंसुद्धा नाही.

शेजारी बिंदूची पाटी बघता बघता रिकामी व्हायची. परतताना बिंदू पुढे, गुणगुणत. मागे नीलकंठ, डोक्यावर निम्मी भरलेली पाटी. ती निम्मी पाटी त्याला भरल्या पाटीपेक्षा जड लागायची.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी देवासाठी वांगी काढायची होती. बांधालगतची चांगली फळं बाजारात जाऊन संपली होती. नीलकंठ हंगामात पहिल्यांदाच बाभळीकडच्या ओळींत शिरला आणि थक्क झाला. कुणी हात न लावल्यामुळे तिथे वांगी वाढून वाढून घागरीएवढी झाली होती. वरून तुकतुकीत. त्याला हसूच फुटलं.

"सीते, इकडे ये! ये, बघ!"

सीतेनं एक हातात घेतलं, दाबून बघितलं. "वजनाला हलकं वाटतंय हो."

"तुला आपलं काहीतरी खोडच काढायची असते."

चंपाषष्ठीच्या सकाळी नाव धुक्यातून प्रवाहाबरोबर निघाली. एका टोकाला नीलकंठ आणि सीता, दुसऱ्या टोकाला बिंदू आणि त्याची बायको लीला. लीलाच्या पायाशीही फडक्यानं झाकलेली एक टोपली होती.

"त्यात काय आहे?" नीलकंठानं विचारलं.

"काही नाही, दादा. चार वांगी. श्रीरामकाकूंनी घरापुरती मागितली होती," लीला म्हणाली.

नीलकंठानं आपल्या टोपलीवरचं फडकं मुद्दाम बाजूला केलं. बिंदूनं बघितलं आणि मनापासून म्हणाला, "अरे वा दादा! कमाल केलीस." नीलकंठाच्या छातीत ऊब पसरली. संकठा घाटाच्या पायऱ्या तो अगदी ढुंढिराजांसारखा चढला, आणि वरून "आली, वांगी आली" ऐकलं तेव्हा त्यानं मान वळवून भाऊ ऐकतोय ना, याची खात्री केली.

अंगणात गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. देवाच्या भरिताचं वांगं अखंड भाजायचं, त्याला सुरी लावायची नाही, ही तिथली रीत. वांगी विस्तवात गेली, सालं काळी पडली, खमंग वास सुटला. कित्येक महिन्यांनी आलेला वास. पोरंटोरं जवळ सरकली, म्हाताऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. काकूंनी पहिलं वांगं परातीत घेतलं, साल सोललं आणि गर उकलला.

आत काळी भुकटी होती आणि तिच्यात शिजलेल्या अळ्या.

काकूंनी दुसरं उकललं. तिसरं उकललं. मग पदर नाकाला लावून त्या उठल्या. परातीभोवती माणसं गोळा झाली. एक पोर मोठ्यानं म्हणालं, "छी! कितने कीड़े!" आणि त्याच्या आईनं त्याला ओढून मागे नेलं.

श्रीरामकाकांनी परात स्वतः उचलली आणि बाहेर गाईपुढे नेऊन ठेवली. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. ते सगळ्यांना दिसलं.

"दादा, असू दे, होतं असं," बिंदू म्हणाला. लीलाच्या टोपलीतली वांगी विस्तवावर गेली. नैवेद्य झाला, तळी उचलली, भंडारा उधळला, येळकोट झाला. पानात पडलेलं भरीत नीलकंठाला गिळवेना. ते गोड होतं, हाच त्याचा त्रास होता.

निघताना काका म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून बिंदूनं आणावीत. आणि रीत गेली खड्ड्यात, आधी चीर देऊन बघायची. नाहीतर पुन्हा नीलकंठी भरीत व्हायचं." माणसं हसली. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून ते शब्द आणखी लागले.

परतीला प्रवाह उलटा. नावाडी वल्ही मारून दमत होता आणि काठ सरकत नव्हता.

"तू मुद्दाम नेलीस ती टोपली," नीलकंठ एकदम म्हणाला. "तुला माहीत होतं."

"दादा, काय बोलतोस?"

"तुझ्याकडूनच आली कीड. तुझ्या रानातून."

लीलाचा चेहरा लाल झाला. "आमच्या रानातून? आमच्या रानात दररोज कोण फेकत होतं शेंडे? मी बघितलंय, दादा. तुम्ही मोठे, म्हणून बोलले नाही."

"लीला, चूप," बिंदू म्हणाला.

सीता पदराचं टोक मुठीत आवळून नदीकडे तोंड करून बसली होती. लाज नवऱ्याची होती, पण मान तिला खाली घालावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी नीलकंठ कोयता घेऊन मळ्यात गेला. झाडंच छाटून टाकायची असं ठरवून गेला होता. रागात त्यानं बाभळीकडचं एक वांगं कापलं. अळी. दुसरं कापलं. अळी. तो कापत कापत पुढे सरकला. मधल्या ओळींत एखादं चांगलं निघायचं, एखादं किडकं. बांधालगतच्या ओळीत उरलेली चिमुकली वांगी कापली, तर आत पांढरा स्वच्छ गर. त्यानं आणखी कापली. सगळी स्वच्छ.

तो उकिडवा बसून राहिला. मागच्या ओळींना त्यानं हात लावला नव्हता. मधल्या ओळींतले शेंडे खुडून तिथेच टाकले होते, अळ्या जमिनीवरून पुन्हा झाडावर चढल्या होत्या. आणि बांधालगतचे? ते त्यानं पलीकडे फेकले होते. त्यानं बांधावरून वाकून बघितलं. बिंदूच्या हद्दीत, बांधाच्या पायथ्याशी, राखेची काळी वर्तुळं एकाशेजारी एक पडली होती. ज्याच्यावर जळत होता त्यानंच ह्याचे शेंडे जाळले होते, म्हणून ह्याची तेवढी एक ओळ वाचली होती.

हे कळल्यावर माणसाला भावाविषयी माया वाटावी. नीलकंठाला वाटली नाही. त्याला आणखीच चीड आली. म्हणजे माझं जे काही चांगलं पिकलं, तेही ह्याचंच! पण त्या चिडीच्या तळाशी एक गोष्ट टोचत राहिली आणि ती काढून टाकता येईना. सगळा हंगाम तो बिंदूचा मळा बघत होता. स्वतःचा मळा त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

संध्याकाळी सीतेनं मळ्यातला सडा बघितला. "एवढी कापलीत? हे आश्विनात कापून बघितलं असतंत तर?"

"चातुर्मासात वांग्याला सुरी लावायची नाही. बाबांनी घातलेला नेम आहे."

"खायचं नाही म्हणाले होते मामंजी," सीता म्हणाली. "बघायचं नाही असं कुठे म्हणाले होते? लीला दर बाजाराला एक चिरून गाईला घालते. म्हणून तिच्या स्वतःच्या पोटात गेलं का काही?"

पुढच्या श्रावणात रोपं लावली ती नीलकंठानं बाभळीकडून. बांधाकडे पाठ करून. शेणखत मागे आधी पडलं आणि बांधालगतच्या ओळींना शेवटी. पाठीवर बिंदूचं गाणं यायचं, मान आपोआप वळायला बघायची. मग तो कुदळ जोरात मारायचा. मत्सर काही गेला नव्हता. फक्त त्याला आता बघायला मिळत नव्हतं.

भाद्रपदात टोपली काखेला मारून तो झाडाझाडाखाली शिरला. आश्विनात देवीचं नाव घेऊन पहिलं वांगं चिरलं. आत अळी होती. त्या झाडाचा शेंडान् शेंडा त्यानं तपासला. शेंडे बाभळीखाली आणून जाळले. ओला पाला जळत नाही, धुमसतो. धुरानं डोळे चुरचुरायचे, नाक वाहायचं. सीता सुकी काटकी आणून टाकायची. हाताच्या पेरांना वांग्याचे काटे रुतून रुतून भाकरी मोडताना दुखायचं. बाजारात व्यापाऱ्यानं टिचकी मारली तेव्हा त्यानं कमरेची सुरी काढून वांगं त्याच्या तोंडापुढे उभं चिरलं. पाटी रिकामी झाली.

बांधापलीकडे मात्र यंदा रंग वेगळा होता. मान मिळाल्यापासून बिंदूचं बोलणं वाढलं होतं आणि वाकणं कमी झालं होतं. पलीकडे काशीला चकरा, इथे तिथे गप्पा. "यंदा देवाची वांगी आपल्याकडची!" कार्तिकात एका सकाळी नीलकंठ मान वर करून बघतो, तर बिंदूच्या मधल्या ओळींत शेंडे लोंबलेले. एक नाही, पुष्कळ.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

गेल्या वर्षी बिंदूनं सांगितलं होतं. पण माझं झालंय सगळं, हेही म्हणाला होता. आता बघू दे त्याचं त्यालाच. नीलकंठ घरी आला, चहाला बसला.

"काय म्हणतंय भावजींचं?" सीतेनं विचारलं.

"चांगलंच आहे," तो म्हणाला, आणि त्याला चहा गोड लागला. रात्री मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून गेला, ते लोंबते शेंडे बघितले, पुन्हा मनात गुदगुल्या झाल्या आणि पुन्हा सांगायचं राहिलं. असं करता करता मार्गशीर्ष उजाडला.

चंपाषष्ठीला बिंदू टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढला. "आली, वांगी आली." नीलकंठ मागून चढत होता, त्याच्याही काखेत टोपली होती. काकांनी ती बघितली. "यंदा मंडळी जास्त आहेत. तुझीही ओत," ते म्हणाले. काकूंनी पोतं अंथरलं, दोन्ही टोपल्या एकाच ढिगात रिकाम्या झाल्या.

"आता चीर द्यायला कोण बसतंय?" कुणीतरी विचारलं.

"नीलकंठच बसू दे," काका हसून म्हणाले. "त्याच्याएवढी किड्याची पारख कुणाला?"

सगळे हसले. बिंदूही हसला. त्याचं हसणं नीलकंठानं नेमकं हेरलं. तो मुकाट्यानं पोत्याशी बसला, सुरी हातात घेतली. बी एकच, त्यामुळे वांगी दिसायला एकसारखी होती. पण बिंदू देठ लांब ठेवून तोडायचा आणि नीलकंठ आखूड. हे त्या दोघांनाच माहीत होतं.

आखूड देठाचं चिरलं. स्वच्छ. लांब देठाचं चिरलं. स्वच्छ. आखूड, स्वच्छ. परातीकडे वांगी जात होती. मग एक लांब देठाचं हातात आलं. उचलताच हलकं लागलं. सुरी आत गेली आणि पात्याला काळी भुकटी लागून आली. मधोमध गुलाबी अळी वळवळत होती.

वर्षभर त्यानं ह्याची वाट बघितली होती. नुसतं वांगं उचलून धरायचं, बस्स. काहीच बोलायचं नाही. गल्लीभर होईल. 'बिंदूचं भरीत' म्हणतील लोक. त्यानं मान वर केली. समोर बिंदू उभा होता आणि लांब देठाकडे बघत होता. हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, पण आतून माणूस निघून गेला होता. त्याच्यामागे लीलानं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं, गेल्या वर्षी नावेत सीतेनं आवळलं होतं तसंच.

"का रे थांबलास?" काकांनी विचारलं. "निघाला का एखादा?"

"निघाला."

काका पुढे वाकले. "कुणाच्यातला?"

कार्तिकातल्या सकाळी नीलकंठाला आठवल्या, तो गोड लागलेला चहा आठवला. ही अळी बिंदूच्या आळसानं वाढली होती, तशी ह्याच्या मिटलेल्या तोंडानंही वाढली होती. खरं सांगायचं तर अर्धी ह्याचीच होती.

त्यानं अंगठ्यानं देठ मुळापासून मोडून टाकलं.

"वांग्यातला," तो म्हणाला. वांगं गाईच्या टोपलीत टाकलं आणि पुढचं उचललं.

ढिगात आणखी काही निघाली. प्रत्येक वेळी त्यानं देठ मोडलं. काकांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा बिंदूकडे बघितलं. उरलेल्या वांग्यांत भरीत सगळ्यांना पुरलं. चमचा चमचा आलं, पण पुरलं.

परतीला नाव उलट्या प्रवाहात चालली होती. बिंदू नावेत बसल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. त्याला एवढा वेळ गप्प नीलकंठानं आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि ती शांतता त्यानं मनसोक्त चाखली.

दशाश्वमेध मागे पडल्यावर बिंदू म्हणाला, "दादा, देठं लांब होती."

"हो."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"कार्तिकापासून. बांधावरून दिसत होते शेंडे."

"मग बोलला का नाहीस?"

सीतेनं नवऱ्याकडे बघितलं. नीलकंठ पाण्यात हात घालून बसला होता. "जळत होतो तुझ्यावर," तो म्हणाला. "आणखी काय?"

बिंदूनं रिकामी टोपली मांडीवर ओढली. "अजून हंगाम आहे. उद्या सकाळी येशील माझ्याकडे?"

"येईन. पण शेंडे तू खुडायचेस. मी बांधावर बसून बघणार."

"बस."

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. नीलकंठ घोंगडं गुंडाळून खरोखरच बांधावर जाऊन बसला. पलीकडे बिंदू टोपली घेऊन वाकला होता, आज गात नव्हता. भाऊ वाकलेला, आपण बसलेले. हेच तर हवं होतं. नीलकंठानं पाय लांब केले आणि बिडी पेटवली.

बिंदू एका झाडावरून दुसऱ्यावर गेला. मधल्या झाडाच्या आत, पानांच्या खाली, एक लोंबता शेंडा तसाच राहिला. नीलकंठानं बघितलं. राहू दे, त्याचं तो बघेल. त्यानं एक झुरका घेतला. बिंदू आणखी पुढे गेला. तो शेंडा तिथेच लटकत होता.

"अरे, तो राहिला," नीलकंठ म्हणाला.

"कुठला?"

"अरे तो, मागचा. आतला. नाही, तिथे नाही..."

बिडी विझवून त्यानं कानावर ठेवली, घोंगडं बांधावर टाकलं आणि तो खाली उतरला.